माती चाखणारे सर

आमचे सर माती चाखत. चिमूटभर जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे, थुंकायची आणि क्षार किती ते सांगून मोकळं व्हायचं. मी यंत्रावर तपासून कागद घेऊन धावत यावं, तर सर चहा संपवत आलेले. अंदाज बहुतेक जुळायचाच. अकोल्याला शेतकी शिकताना ती कला मीही उचलली आणि घरी आईची बोलणी खाल्ली.

सर खारपाणपट्ट्यातलेच. इथलं जमिनीखालचं पाणी खारट, म्हणून शहाणा माणूस हरभरा नुसत्या ओलीवर काढतो, बोअरचं पाणी पिकाला दाखवत नाही. सरांनी आयुष्य लावलं ते झाडांच्या संप्रेरकांवर. बियाणं संप्रेरकाच्या द्रावणात भिजवायचं, सावलीत सुकवायचं आणि पेरायचं. "बियाले आधीच सांगून ठेवाचं पोरी, पुढं खारट दिवस हायेत. मंग ते घाबरत नाही," असं ते म्हणत. मला ते तेव्हा फार खरं वाटे.

शेजारी न भिजवलेल्या बियाण्याचा तुकडा पेरायचा, हा त्यांचा कडक नियम. त्याला आम्ही कंट्रोल म्हणायचो. "कंट्रोल म्हंजे सासरा असते. त्याच्यापुढं थापा चालत नाही," हे ऐकून पोरं हसायची. मी वहीत लिहून घ्यायची.

दर्यापूरकडच्या एका वावरात सरांनी शेतकऱ्यांना पीक दाखवायला शिवारफेरी ठेवली. दोन्ही तुकड्यांना बोअरचंच पाणी दिलंय, असं त्यांनी सांगितलं. भिजवलेला हरभरा हिरवागार, कंट्रोल करपलेला. माझे मामा मुद्दाम आले होते. त्यांनी विचारलं, असं बियाणं पेरलं तर बोअरचं पाणी चालेल का? सर म्हणाले, बिनधास्त द्या. मामांनी त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

पुढच्या हंगामात मामांनी बियाणं भिजवून पेरलं आणि पाणी दिलं. हरभरा फुलावर येण्याआधीच वाळला. जमिनीवर पांढरी खपली धरली, भेगा पडल्या. वडिलांच्या काळापासून जपलेलं वावर ते. मी गेले तेव्हा मामा वावराच्या कडेला धुऱ्यावर बसून ती खपली नखाने काढत होते.

परतताना मी सरांच्या त्या वावरात उतरले. कंट्रोलची माती चाखली, तर खारट-कडू. भिजवलेल्या तुकड्यातली चाखली, तर साधी माती. दोनदा चाखली. वावराच्या मालकाने सहज सांगितलं, या बाजूला शेततळ्यातलं पावसाचं गोडं पाणी द्यायला सरांनीच सांगितलं होतं.

मी सरांना विचारलं. ते रागावले नाहीत, हेच मला जास्त लागलं. चष्मा पुसत म्हणाले, "औषद खोटं नाही. फरक पडते, पन डोयाले दिसन इतका नाही. लोकायले डोयाले दिसाले पायजे." मी उठले. त्यानंतर त्यांच्याकडे गेले नाही.

मामांपुढे मी सरांना खूप शिव्या घातल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सराले मी कुठं वळखतो, बाई? तू मान हालवली म्हनून पानी देलं."

आता मीही शेतकऱ्यांना सल्ला देते. दोन्ही तुकड्यांतली माती चाखल्याशिवाय तोंड उघडत नाही. लोक विचारतात, हे कुणी शिकवलं? मी माती थुंकते आणि सरांचं नाव सांगते. दुसरं कुणाचं सांगणार?