पार्लरच्या कार्डावरचा नंबर

नांदेडहून मी माहेरी, लातूरला परत आले तेव्हा माझ्याजवळ कपड्यांची एक बॅग आणि शिलाई मशीन होतं. लग्न मोडलं होतं. त्यात इथे सांगण्यासारखं काही नाही. आई आधीच गेली होती. घरात अप्पा एकटे. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते, बसस्थानकावरच्या खिडकीत बसून माइकवरून गाड्या पुकारायचे. निवृत्त झाले तरी आवाज तसाच राहिला होता. जेवताना "भाकरी आण" हे सुद्धा ते असं म्हणायचे की शेजारच्यांनी उठून बघावं.

पुढच्या खोलीचं दार रस्त्यावर उघडत होतं. तिथे मी ब्लाऊज शिवायला लागले. आरी वर्कचं भरतकाम मला येत होतं आणि लग्नसराई तोंडावर होती. गिऱ्हाईक यावं म्हणून ओळखीच्या एका रिक्षावाल्याला सांगून त्याच्या रिक्षाच्या पाठीवर रंगवून घेतलं, 'लेडीज ब्लाऊज, आरी वर्क, घरगुती', आणि खाली माझा मोबाइल नंबर.

रिक्षा गावभर फिरली आणि फोन यायला लागले. ब्लाऊजसाठी थोडे. बाकीचे पुरुषांचे.

"घरगुती म्हंजे घरीच असता का?"

"माप घ्यायला आम्ही येऊ का?"

पुढचं लिहीत नाही. काही जण तर बोलायचेसुद्धा नाहीत, नुसता श्वास ऐकू यायचा. मी फोन कापायचे आणि मशीनसमोर तशीच बसून राहायचे. राग यायला हवा होता. मला लाज वाटायची. नवरा सोडून आलेल्या बाईनं आपला नंबर रिक्षावर रंगवला, मग दुसरं काय होणार, असं कुणी म्हणालं नव्हतं. मीच मला म्हणत होते. फोन सायलेंटवर ठेवायला लागले, त्यात खऱ्या गिऱ्हाइकांचे फोनही बुडाले. "ताई, कितींदा लावला, उचललाच न्हाई तुम्ही," म्हणत बायका दुसरीकडे जायच्या.

एका संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि फोन मशीनवर राहिला होता. अप्पांनी उचलला. समोरचा बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही, ही त्यांची जुनी सवय. समोरच्याला वाटलं मीच आहे. पिठाच्या हातानं मी दारात आले तेव्हा अप्पा फोन कानाला लावून उभे होते आणि त्यांचं तोंड अर्धवट उघडं होतं. मग त्यांनी फोन हळूच मशीनवर ठेवला.

"राँग नंबर व्हता," म्हणाले.

मी "बरं" म्हणाले. त्या रात्री त्यांनी भाकरी मागितली नाही. स्वतः उठून घेतली.

माझ्याकडे ब्लाऊज शिवायला येणारी एक मुलगी कोचिंग क्लासच्या ऑफिसात फोन घ्यायची. तिला मी सगळं सांगितलं नाही, 'फोनचा त्रास होतोय' एवढंच म्हणाले. तिला कळलं असावं.

"ताई, तुम्ही स्वतःचा नंबर देताच कशाला? आमच्याकडं बघा ना. कंपनीकडून वेगळा नंबर घ्यायचा. वाजतो आपल्याच मोबाइलवर, पण समोरच्याला आपला नंबर कळत न्हाई. आधी रेकॉर्डिंग लागतं, मग हे दाबा, ते दाबा. दुकानाची वेळ टाकायची, त्याच्या बाहेर फोन लागतच न्हाई. बोलणं रेकॉर्ड होतंय. अन् दुकान लई मोठं वाटतंय."

"एवढीशी खोली हाय माझी."

"फोनमधून खोली दिसती का?"

तिनंच मला दोन नंबर घेऊन दिले. एक रिक्षावर जुन्याच्या जागी टाकायचा, दुसरा कार्डावर छापून मागच्या गल्लीतल्या ब्युटी पार्लरमध्ये ठेवायचा. फोन आला की तो या दोनपैकी कोणत्या नंबरवर आला हे स्क्रीनवर दिसतं. म्हणजे जाहिरात कुठली चालते ते कळतं.

सुरुवातीच्या स्वागतासाठी कंपनीकडे एका बाईचा गोड आवाज तयार होता. तो मी अर्ध्यातच बंद केला. मी अप्पांना विचारलं, "तुम्ही बोलता का?" का, ते मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. ते बनियनवर बसले होते. आत गेले, शर्ट घालून आले, चष्मा लावला आणि मी लिहून दिलेलं वाचलं, "नमस्कार. आपले स्वागत आहे. या कॉलची नोंद होत आहे. लातूरच्या ग्राहकांनी एक दाबावे. नांदेडच्या ग्राहकांनी दोन दाबावे." अहमदपूर मार्गे नांदेडला जाणारी गाडी फलाटावर लागावी, तसं.

एक दाबलं काय आणि दोन दाबलं काय, वाजायचं माझ्याच हातात. नांदेडला माझी शाखा नव्हती. तिथल्या दोन-चार ओळखीच्या बायका एसटीच्या पार्सलनं मापाचा ब्लाऊज पाठवायच्या, तेवढंच. या थापेचीही मला लाज वाटायची. पण उपयोग झाला. 'नोंद होत आहे' ऐकताच बरेच जण फोन ठेवायला लागले. बायकांना मात्र तो आवाज फार आवडला. "ताई, तुमच्याकडं फोन लावला की गाडी सुटंल असं वाटतंय," एक जण म्हणाली. माझा नंबर एकमेकींना ऐकवण्यासाठी लावायच्या. त्यातून नांदेडची कामं वाढली. उरलेसुरले घाण फोन सगळे रिक्षाच्या नंबरवर येत होते आणि गिऱ्हाइकं कार्डाच्या. मी रिक्षावरचा नंबर पुसून टाकायला लावला. मला वाटलं, सुटले.

एक जण राहिला. तो दुपारी फोन करायचा. अप्पांचं सगळं बोलणं ऐकून घ्यायचा, एक दाबायचा आणि हळू, सभ्य आवाजात म्हणायचा, "बाईसाहेब, कामात हाय का?" आणि मग सुरू व्हायचा. मी त्याचा नंबर ब्लॉक केला की तो दुसऱ्या नंबरवरून फोन करायचा. स्क्रीनवर दिसायचं, हा कार्डाच्या नंबरवर आलाय. तिथे मी विचार थांबवायचे.

लग्नाच्या तिथी जवळ आल्या होत्या. एका दुपारी खोलीत चार बायका बसलेल्या आणि मी एकीचं माप घेत होते. ही माझ्याकडे पार्लरमधून आलेली अगदी पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. कमी बोलायची. नेहमी स्वतःचं अस्तर घेऊन यायची. टेप तिच्या छातीभोवती होता आणि फोन वाजला.

"बाईसाहेब..."

मला काय झालं ते अजून नीट सांगता येत नाही. इतक्या दिवसांचं साचलं होतं आणि सोबत बायका होत्या. मी स्पीकर लावला आणि ओठांवर बोट ठेवलं. तो बोलत राहिला. बायका आधी दचकल्या, मग पदर तोंडाला लावून खिदळायला लागल्या. शेवटी एक म्हातारी ओरडली, "तुला आईबहीण न्हाई का रं, मुडद्या?" फोन कट झाला. आणि आम्ही हसलो. मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ज्या गोष्टीमुळे मी मान वर करू शकत नव्हते तिच्यावर आम्ही पाच जणी हसत होतो.

मी परत टेप धरायला वळले. तिनं तो स्वतःच अंगावरून काढला होता आणि त्याची नीट घडी करत होती.

"ऱ्हाऊ द्या ताई आज. गॅसवर दूध ठेवून आले मी."

ती केव्हाची येऊन बसली होती. कुठलं दूध. मापाचा ब्लाऊज आणि कापड तिथेच टाकून ती बाहेर पडली. पायऱ्यांवर चप्पल शोधताना तिचा पाय दोनदा चुकला.

मग तिच्या गल्लीतली एक जण खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, त्यो तिचा मालक हाय. समद्यांना बाईसाहेबच म्हनतो."

कार्ड तिच्या पर्समधून तिच्या घरी गेलं होतं. आणि मला ते कळायला हवं होतं. पार्लरमधून ती कार्डं बायकांच्याच हाती जात होती. हा कुणाच्या तरी घरातला माणूस आहे, हे स्क्रीन मला रोज सांगत होता. ते मी बघितलं नाही, आणि तिच्याच अंगाला हात लावून उभी असताना चार बायकांसमोर तिचं घर उघडं केलं.

संध्याकाळ व्हायच्या आत मी त्याची सगळी रेकॉर्डिंग्ज पुसून टाकली. एकही ठेवलं नाही. वाटलं, आता कुणी ऐकणार नाही, तिची तेवढी तरी अब्रू राहील.

अप्पा म्हणाले, "आज लई हसत व्हत्या बाया." मग मी त्यांना पहिल्यांदा सगळं सांगितलं, रिक्षापासून. ते गुडघे चोळत ऐकत होते. "त्या बाईवर घरी काय बेतलं असंल?" एवढंच विचारलं.

तिचा ब्लाऊज मी जुन्या मापावर शिवून ठेवला. तिला फोन करायची छाती झाली नाही. त्यानं उचलला तर? लग्नसराई संपत आली तेव्हा एका दुपारी, खोलीत कुणी नसताना ती आली. दाराजवळच उभी राहिली.

"ताई, ते बोललेलं तुमच्या फोनात रेकॉर्ड हाय म्हणं?"

मी घाईघाईनं म्हणाले, "न्हाई, न्हाई. त्याच दिवशी पुसलं. सगळं पुसलं. तुम्ही काळजी करू नका."

मला वाटलं तिला हायसं वाटेल.

"पुसलं?" ती म्हणाली. "माझ्या भावाला ऐकवायचं व्हतं. किती वर्सं त्याचं हे असलं सांगत आलेय मी. तर भाऊ म्हणतो, दाजी देवमाणूस हाय, तुझंच डोस्कं फिरलंय."

तिची लाज झाकते आहे असं मी समजत होते आणि तिच्यासाठीचा एकमेव पुरावा मी घालवला होता. खरं म्हणजे मी माझीच लाज पुसली होती.

"मी येते," मी म्हणाले. "मी सांगते तुमच्या भावाला."

तिचा भाऊ किल्लारीला शेती करायचा. आम्ही जीपनं गेलो. ती, मी आणि अप्पा. "अप्पा, तुम्ही नका येऊ," असं मी म्हणून बघितलं होतं, पण त्यांनी शर्ट घातलेला होता. भूकंपानंतर बांधलेल्या एकसारख्या घरांतलं ते एक घर. भावानं पाणी दिलं, चहा मागवला, सगळं ऐकलं. मग म्हणाला, "फोनवर कुणी थट्टामस्करी केली असंल. काय म्हणला त्यो नेमकं?"

वाटलं होतं, 'घाण बोलला' एवढ्यावर भागेल. नाही भागलं. अप्पा शेजारी बसले होते. मी जमिनीकडे बघितलं आणि सांगितलं. शब्द न् शब्द, जसा त्यानं उच्चारला तसा. जे मी कुठल्याच बाईला सांगितलं नव्हतं ते वडिलांच्या समोर, परक्या माणसाच्या ओसरीवर, माझ्या तोंडून बाहेर पडत होतं. कान इतके तापले होते की माझाच आवाज मला लांबून येत होता. अप्पा उठून गेले नाहीत. त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर होता, तो तसाच राहिला.

"बस्स," भाऊ म्हणाला. "बस्स करा ताई." आणि बहिणीकडे बघायचं सोडून अंगणाकडे बघायला लागला.

तो लातूरला आला, दाजीशी बोलला. काय बोलला ते मला माहीत नाही. तिनं घर सोडलं नाही; मुलगी बारावीत होती. पण भाऊ आता दर पंधरवड्याला येऊन बहिणीजवळ बसतो आणि तिचं खरं मानतो, असं ती मला म्हणाली. मला तो फोन परत आला नाही. माझं काम चांगलं चाललं आहे. नांदेडच्या बायकांना अजूनही वाटतं की तिथे माझं एक दुकान आहे, फक्त त्यांना ते सापडत नाही.

ती अजून माझ्याकडेच शिवते. कधी कधी तिचा नवरा तिला मोटरसायकलवर सोडायला येतो. रस्त्याच्या पलीकडे गाडी लावून, दुकानाच्या दाराकडे तोंड करून आरामात उभा असतो. तो मान खाली घालत नाही. मी घालते, दर वेळी, आणि टाके घालायला लागते.