उणे साठनं भागताना

गणित पक्कं असलं की माणूस लिफ्टमध्ये अडकतो. निदान मी तरी अडकलो.

मी दौंडला शाळेत गणित शिकवतो. माझ्या मेहुण्यानं, बाळूनं, शिक्रापूरला चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीला मांडवगण फराट्याहून माझी सगळी सासुरवाडी टेम्पो भरून आली. सोबत गव्हाची दोन पोती! (फ्लॅटमध्ये ती ठेवणार कुठं, हे जावयानं विचारायचं नसतं.) मुहूर्त जवळ आलेला, भटजी घड्याळ बघतायत, आणि लिफ्टवर पाटी: 'चारशे किलोच्या वर वजन नको.'

"दोन-दोन जन जाऊ की, दाजी," बाळू म्हणाला.

"अंदाजपंचे नको! असमानता मांडू."

मी पेन काढलं आणि तळहातावरच सुरुवात केली. माणसं x, प्रत्येकी साठ किलो. चारशेतून साठ x गेले की पोत्यांसाठी निदान शंभर उरायला हवेत. म्हणजे उणे साठ x हे उणे तीनशेएवढं किंवा त्याहून मोठं. उणे साठनं भागलं. झालं!

"x बरोबर पाच किंवा पाचाहून जास्त!"

"म्हंजी?" गंगूआत्यांनी विचारलं. या माझ्या बायकोच्या आत्या.

"म्हणजे पाचापेक्षा कमी माणसं चढायची नाहीत!"

ऐकायला मलाही जरा विचित्र वाटलं. पण उत्तर रीतसर आलं होतं, आणि रीतसर आलेल्या उत्तराशी मी वाद घालत नाही.

"चला, चला! आत्या, तुम्ही पण!"

"आवो, पन गर्दी हुतीया..."

"होऊ दे! जास्त चालतंय!"

बाळू, त्याची बायको, भटजी, आत्या (यांना साठ किलोत बसवलं तिथंच गणित कण्हलं होतं), दोन मामा, माझी बायको सुनंदा, मी आणि पोती. लिफ्ट कुरकुरत निघाली, दुसरा मजला ओलांडला आणि गपकन थांबली.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी तळहाताकडे.

"हातात काय बघताय? भविष्य?" सुनंदा म्हणाली.

"ऋण संख्येनं भागलं की चिन्ह उलटं करायचं असतं," मी पुटपुटलो. "ते राहिलं. पाच किंवा पाचाहून कमी, असं हवं होतं."

"मग करा की उलटं!" आत्या ओरडल्या. "तेवढ्यासाठी समद्यांना टांगून ठिवलंय व्हय?"

"मुहूर्त टळतोय!" भटजी कळवळले. "यजमान, पाणी आहे का कुणाकडं? संकल्प इथंच सोडू!"

मामांच्या बाटलीतलं पाणी बाळूच्या हातावर पडलं, तिथून माझ्या बुटात. शेवटी वॉचमननं किल्ली लावून दार उघडलं आणि आम्हाला तिसऱ्या मजल्यावर ओढून घेतलं. आधी पोती, मग आत्या.

जेवणं झाल्यावर सगळे जिन्यानं निघाले. आत्यांचे गुडघे दुखरे, म्हणून मी लिफ्टचं दार धरून उभा राहिलो.

"आत्या, या. आता आपण दोघंच."

आत्यांनी जिन्याचा कठडा घट्ट धरला.

"नगं बाबा! तुमच्या हिशेबात दोघं म्हंजी किती, कुनाला ठावं?"