ताईची किडनी माझ्या पोटात

मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. अलिबागच्या खालच्या अंगाला, किनाऱ्यावर आमचं गाव. चाळिशी उलटली आणि माझ्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं. मग आठवड्यातून तीनदा अलिबागला डायलिसिस, आणि घरी माझ्या पाण्यावर बायकोची नजर. गोळ्या गिळायला लागतं तेवढं आणि वर जेमतेम एखादा पेला. शहाळं तर बंदच, त्यातलं पोटॅशियम सोसत नव्हतं. दारात माड लगडलेले आणि मी बर्फाचा खडा चघळत बसलेला.

माझी थोरली बहीण म्हसळ्याला दिलेली. तिथल्या बाजारात ती सुकी मासळी विकते. एके सकाळी ती टोपल्या जावेवर सोपवून थेट आमच्याकडे आली आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "माझी घे."

"काय घेऊ?"

"किडनी. दोन हायत मला. घरी सांगून आलेय, विचारून न्हाय."

मी नाही म्हणालो. मग रागावलोही. तिचं वय काय, कष्टाचं काम कसलं, तिला काही झालं तर भाच्यांना काय तोंड दाखवू, सगळं बोलून घेतलं. ती चहा पीत ऐकत होती. कप खाली ठेवून माझ्या बायकोला म्हणाली, "ह्याचं झालं वाटतं. आता तपासणीला कधी जायचं ते सांग."

तपासण्यांत काही महिने गेले. रक्तगट जुळला, पुढचंही एकेक जुळत गेलं. दर रिपोर्टला ताई फोनवर ओरडायची, "पास झाले रे!" शाळेत असताना ती एवढ्या वेळा कधी पास झाली नव्हती.

ऑपरेशन मुंबईला होतं. सकाळी आम्हा दोघांचे स्ट्रेचर थोडा वेळ शेजारीशेजारी उभे केले होते. अंगात हिरवा गाऊन, हात मोकळे. ताईला बांगड्यांशिवाय मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"घाबरलास?" तिनं विचारलं.

"हो."

"मी पन. पन त्याच्याहून भूक जास्त लागलीय."

मला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच तिचा स्ट्रेचर पुढे गेला.

शुद्धीवर आलो तेव्हा घशाला कोरड पडली होती आणि पोटाच्या उजव्या बाजूला, खाली, दगड ठेवल्यासारखं जड वाटत होतं. "ताई?" एवढंच तोंडातून निघालं.

"त्या छान आहेत. जाग्या आहेत," नर्स म्हणाली. "आणि हे बघा काका, किडनी ऑपरेशनच्या टेबलावरच सुरू झाली!"

तिनं खाटेला लावलेली पिशवी थोडी वर धरली. लघवी! पिवळीधमक, नळीतून थेंब थेंब नव्हे, चांगली वाहत येत होती. कितीतरी काळ माझ्या शरीरानं हे काम केलंच नव्हतं. इंजिन खोलून पुन्हा जोडलं की मी आधी बोटीच्या कडेला वाकून बघतो. थंड करायला घेतलेलं समुद्राचं पाणी बाहेर पडू लागलं, की समजायचं, जमलं. अगदी तसाच मी त्या पिशवीकडे टक लावून पाहत होतो. टाके ओढत होते तरी मला ओरडावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सर्जन आले. रिपोर्ट चाळला आणि म्हणाले, "आता पाणी प्यायचं. भरपूर."

"भरपूर म्हणजे किती?"

"तुम्हाला नको होईपर्यंत."

मी नर्सकडे पाहिलं. तिनं ग्लास भरून दिला, काठोकाठ. आधी सवयीनं एक घोट घेऊन थांबलो. मग दुसरा घेतला, मग तिसरा, आणि एका दमात ग्लास रिकामा केला. पाणी गळ्यावरून छातीवर सांडलं. "अजून!" मी म्हणालो. नर्सही हसत सुटली.

माझ्या खोलीत कुणाला सोडत नव्हते, जंतुसंसर्गाची भीती. ताई चालू लागली तशी काचेबाहेर येऊन उभी राहिली, एका हातानं पोट धरून. दुसऱ्या हातानं तिनं खुणेनं विचारलं, चाललीय का? मी पिशवीकडे बोट दाखवलं. ताईनं काचेवर कपाळ टेकवलं. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती, मला अजून ठाऊक नाही. मी मात्र दोन्ही करत होतो.

मधे एकदा क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं रक्तातून काढून टाकायची घाण, उतरता उतरता थांबलं. डॉक्टरांनी औषधं वाढवली, त्यानं माझे हात थरथरू लागले, चेहरा सुजला. बायको कॉरिडॉरमध्ये एका जागी बसेना. चार-पाच दिवसांनी आकडा पुन्हा खाली आला, तेव्हा तिनं अनोळखी पेशंटांच्या नातेवाइकांनाही पेढे वाटले.

पुढचे काही महिने हॉस्पिटलजवळच खोली घेऊन राहावं लागलं. ताई केव्हाच म्हसळ्याला परतून बाजारात बसू लागली होती. अखेर मला घरी सोडलं, तेव्हा ती तिच्या तपासणीसाठी आलेलीच होती. आम्ही तिघं मुंबईहून रो-रो बोटीनं निघालो. तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी, बायकोनं मला गर्दीपासून लांब, डेकवर एका कोपऱ्यात बसवलं होतं. ताई वाऱ्यात पदर सांभाळत शेजारच्या बाईला आमची कहाणी सांगत होती, जरा वाढवूनच.

आमच्या किनाऱ्यावरची मांडव्याची जेट्टी दिसू लागली आणि मला बसवेना. उठलो आणि उतरणाऱ्यांच्या रांगेत थेट पुढे जाऊन उभा राहिलो.

"अहो, गर्दीत नको!" बायको मागून ओरडली.

"जाऊ दे त्याला," ताई म्हणाली, आणि पिशव्या उचलून माझ्या मागोमाग निघाली.