वरहालम्माने उघडलेलं दार

वरहालम्मा पुल्लारावाचा सूड घेणार हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. कधी, एवढंच ठाऊक नव्हतं.

माझं सीट कव्हरचं दुकान तिच्या समोर. विजयवाड्याच्या ऑटोनगरात पत्र्याखाली दुपारी माणसांचे चेहरे ग्रीससारखे पातळ होतात. तिचा सहा वर्षं घट्टच राहिला.

नवरा नरसय्या गेल्यावर गाड्यांच्या वायरिंगचं त्याचं काम तिने चालू ठेवलं. वीस वर्षं ती त्याच्या शेजारी बसून हेच करत होती. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी तिने एका गाडीच्या दारातून वायर बाहेर काढल्या होत्या, तेवढ्यात आमच्या दुकानदार संघाचा अध्यक्ष पुल्लाराव आला. गिऱ्हाइकाला म्हणाला, "बाईच्या हातात गाडी देता? करंट आहे तो, सांबार नव्हे." लोंबत्या वायरींसकट ती गाडी ढकलत त्याच्या पुतण्याच्या दुकानात नेली. सगळी गल्ली बघत होती. मी सुईत दोरा ओवत होतो.

पुढे कोणीतरी पुतण्याचंच काम तसं पळवलं, तेव्हा पुल्लारावाने सभा घेऊन नियम केला. ज्याने कामासाठी गाडीचं दार खोललं त्यानेच ते जोडून बंद करायचं, दुसऱ्याने हात घातला तर महिनाभर त्याचं दुकान बंद. वरहालम्मा मागे उभी होती. नियमाच्या बाजूने तिनेही हात वर केला.

यंदा वैशाखात पुल्लारावाच्या पांढऱ्या गाडीला वेड लागलं. चाक खड्ड्यात गेलं की चारही दारं खटकन लॉक. पुतण्याने फ्यूज बदलला, रिमोट बदलला, दारांतल्या मोटरी बदलल्या. त्या झटापटीत डावीकडच्या पुढच्या दाराचं आतलं हँडल मोडलं, ते बाहेरूनच उघडायचं. मागची दोन दारं नातवंडं पडतील या भीतीने आतून उघडणार नाहीत अशी ठेवलेली. उरलं एक, चालकाचं.

गुरुवार होता. पुल्लारावाला धाकट्या मुलासाठी मुलगी बघायला गुंटूरला जायचं होतं, तेही दीडच्या आत निघून, कारण दीडला राहुकाळ लागतो आणि त्यात शुभकामाला कोणी निघत नाही. ड्रायव्हर कोंडलुने गाडी सरळ वरहालम्माच्या दारात आणून लावली.

"कोणाची गाडी आहे माहीत आहे ना?" तिने विचारलं.

"अक्का, किल्ली आत ठेवून हिने मला बारा वेळा उन्हात उभं केलंय. कोणाची का असेना, तू बघ."

तिने आधी हात लावला नाही. कोंडलुला लॉकचं बटण दाबायला लावून चारही दारांना कान लावला. चालकाच्या दारातल्या मोटरीला पाच वायर असतात, बाकीच्यांना दोन. हुकूम सुटतो तो तिथून. तिने त्या दाराचं आतलं आवरण उतरवलं, काचा वर-खाली करणाऱ्या बटणांची जोडणी काढली, हँडलची तार सोडली, मोटरच्या वायर सोडवल्या. गाडी गदागदा हलवली. बाकीची तीन दारं गप्प. मोटर जोडली, की पुन्हा खटखट.

मग दार आणि खांब यांच्यामधली रबरी नळी तिने मागे सारली. दार उघडमीट होताना वायर तिथेच वाकतात. एकेक चिमटीत धरून तिने ओढली. तिसरी रबरासारखी ताणली गेली. वरचं आवरण शाबूत, आत तांबं तुटलेलं.

"बाहेरून काहीच दिसत नाही," कोंडलु म्हणाला.

"दिसत नाहीच," ती म्हणाली.

तेवढ्यात पुल्लाराव आला. कडक इस्त्रीचं धोतर, कपाळावर गंध. "हिच्याकडे आणायला कोणी सांगितलं? ए, जोड ती वायर आणि बंद कर दार."

"दहा मिनिटांचं काम आहे, अध्यक्षगारू. आधी सगळ्यांसमोर म्हणा, त्या दिवशी माझ्या हातातलं काम तुम्ही पळवलंत."

तो हसला. पुतण्याला हाक मारली. पुतण्या म्हणाला, "काका, महिनाभर दुकान बंद ठेवू? नियम तुमचाच आहे." मग पुल्लाराव माझ्याकडे वळला. "सीटवाल्या, तू तरी चार स्क्रू पिळ." मी म्हणालो, "माझी शिलाई चालू आहे."

"अशीच नेतो," म्हणत तो स्वतः चालकाच्या जागी बसला.

"दार ओढू नका. आतून उघडणार नाही." तिने हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

त्याने दार धाडकन ओढलं. गाडी गटारावरच्या फरशीवरून गेली आणि खटक. कोंडलु बाहेर राहिला. पुल्लारावाने हँडल ओढलं, ते हातात सैल हललं. रिमोट दाबला, दारं उघडून लगेच पुन्हा खटकन बसली. काचेचं बटण दाबायला गेला, तिथे नुसत्या वायर. घाबरून त्याने इंजिन बंद केलं. मग तो काचेवर थापा मारू लागला.

वरहालम्मा शांतपणे चालत गेली.

"काही ऐकू येत नाही," ती म्हणाली.

त्याचे ओठ हलले.

"मला कळलं. यांना नाही कळलं." तिने गल्लीकडे बोट दाखवलं. आता पुतण्याही रस्त्यावर आला होता.

गंध वितळून पुल्लारावाच्या नाकावर आलं होतं. शेवटी तो ओरडला, "पळवलं! तुझं काम पळवलं मी!" काचेतून तो आवाज विहिरीतून आल्यासारखा आला, पण आला. शब्द न् शब्द.

तिने डावीकडच्या काचेच्या रबरातून पोलादी पट्टी आत सरकवली. अर्ध्या मिनिटात दार उघडलं. तो सीटवरून रांगत बाहेर पडला.

"झालं ना समाधान? आता जोड. सव्वा वाजलाय."

"जोडते की."

तिने हात धुतले. जेवणाचा डबा आणून स्टुलावर मांडला, वरणभात कालवला. तो उभाच होता.

"आधी काम कर."

"नियमात वेळ लिहिलेली नाही, अध्यक्षगारू. बसा. तो टायर रिकामा आहे."

तो बसला. फोन वाजला, गुंटूरहून असावा, तो म्हणाला, "निघालोच आहोत." वरण संपलं, तिने अंबाडीची चटणी घेतली. एकेक घास ती असा चावत होती, जणू त्यात कुठे वायर तुटली आहे का ते पाहते आहे. दीडला चार मिनिटं कमी असताना तिने उरलेल्या भातावर दही ओतलं आणि ते सावकाश कालवायला घेतलं.