पिंपातली माती

"काका, अप्पा गेले की हो..." अण्णांचा मुलगा प्रमोद वडलांना अप्पा म्हणतो; त्याचा फोन आला तेव्हा मी सुभाष रोडवर छत्री दुरुस्त करून घेत होतो. छत्री तिथंच विसरून अण्णांच्या घराकडे निघालो. वाटेत मनात आलं, आता तळ्याकाठी कोण उभं राहणार? आणि लगेच वाटलं, इतकी वर्षं उभं राहून तरी काय झालं होतं?

अण्णा आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. मी त्यांच्या हाताखाली मास्तर झालो. धारवाडच्या केलगेरी तळ्यावर त्यांचा फार जीव. दरवर्षी विसर्जनाला हातगाडीवर अर्धं कापलेलं मोठं निळं पिंप पाण्यानं भरून ते काठावर उभे राहायचे आणि येईल त्याला हात जोडून कानडीत म्हणायचे, "इल्ले बिडरी, केऱ्याग ब्याडरी." इथं सोडा, तळ्यात नको. लोक भले! अण्णांच्या पाया पडायचे, हार आणि निर्माल्य तेवढं पिंपात टाकायचे आणि गणपती घेऊन सरळ तळ्यात उतरायचे. अण्णा त्यातही खूश. "हार तरी वाचले की रे!" एकदा मी वैतागून म्हटलं, "अण्णा, पुरे करा आता. कोण ऐकतंय?" ते म्हणाले, "ऐकत नाहीत म्हणून खरं बदलतंय होय?" पण तळं काही सुधारलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

त्यांच्या घरचा गणपती मात्र त्या पिंपातच विरघळायचा. वरचं पाणी चिकूच्या झाडाला, आणि तळाची शाडू ओल्या गोणपाटाखाली परसात. पुढच्या वर्षी त्याच मातीची मूर्ती अण्णा स्वतः करायचे. सोंड हमखास जाड व्हायची. त्यांच्या पत्नी, अक्का, हसायच्या, "यंदा पण हत्तीच झालाय, देव कुठाय?" वर्षानुवर्षं तीच माती, तोच देव.

आषाढात आजारपण वाढलं तसं त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "माझं काही पाण्यात टाकू नका. राख चिकूच्या बुडाशी घाला." एवढं एकच मागणं. पण अस्थी घरी आल्या आणि अक्कांचे थोरले भाऊ म्हणाले, "झाडाबुडी घालतात होय कोण? गती मिळायची नाही." मी अण्णांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "तुम्ही बाहेरचे, मास्तर. लोक आमच्या तोंडात शेण घालतील." प्रमोदसकट सगळ्यांनी अक्कांकडे पाहिलं. त्या भावाला म्हणाल्या, "तू म्हणशील तसं..." नदीला जायचं ठरलं, पण पावसानं रस्ता बंद होता, आणि प्रमोदला संध्याकाळच्या गाडीनं बेंगळूरला परतायचं होतं. मग जवळचं पाणी म्हणून केलगेरीलाच नेलं. हातगाडी लागायची त्याच जागी अस्थी पाण्यात सोडल्या. मागोमाग हार आणि अस्थी बांधलेलं तांबडं फडकंही. ते बुडेना, काठाशी येऊन अडकलं.

मला त्या दिवशी सगळ्यांचा राग आला, अण्णांचाही. साऱ्या धारवाडला सांगत फिरला हा माणूस, आणि स्वतःच्या घरात चार माणसं पटवता आली नाहीत? ध्येयवादी माणूस जातो पण त्याचं काम उरतं, असं शोकसभेत मीच बोललो. खोटं बोललो. काही उरलेलं नाही. यंदा तिथं कोणी उभं राहणार नाही. मीही नाही, मला लोकांचा तो नमस्कार सोसायचा नाही.

गणपती तोंडावर आलेत. यंदा मूर्ती विकतच आणू, असं प्रमोदनं फोनवर सांगून टाकलंय. परवा अक्कांकडे गेलो तर त्या परसात पिंपापाशी वाकून गोणपाटावर पाणी शिंपडत होत्या.

"अक्का, आता कशाला?"

"वाळली तर त्यांना चालायचं नाही."

मी गोणपाट उचलून बोट लावलं. माती अजून लोण्यासारखी मऊ आहे. आता तिची मूर्ती कोण करणार, देव जाणे.