मोगऱ्याच्या कुंडीतल्या गोळ्या

सहा आठवडे मी एका मोगऱ्याला लोहाच्या गोळ्या खाऊ घातल्या. मला वाटत होतं, मुली खातायत.

मी आहारतज्ज्ञ. आता निवृत्त, दोन नातींची आजी, आणि अजूनही दिसेल त्याच्या ताटात डोकावायची खोड आहे. हे घडलं तेव्हा मी एकावन्न वर्षांची होते. म्हणजे अल्लड वयात चुकले, असं म्हणायचीही सोय नाही. डोंबिवलीतल्या एका मुलींच्या शाळेत आठवड्यातून दोनदा जायचे. गळ्यात आयकार्ड, हातात लॅमिनेट केलेला डाएट चार्ट. चार्टवर पहिलीच ओळ: सकाळी भिजवलेले बदाम, एक अंडं आणि पालकाचं सूप. सूप! शाळा सातला भरायची.

मोठ्या मुलींचं हिमोग्लोबिन तपासलं होतं. रक्तातला हा लाल पदार्थ शरीरभर ऑक्सिजन पोहोचवतो. या वयात तो बारा तरी हवा. अकरा जणींचा दहाच्या खाली निघाला, त्यातल्या पाच कबड्डीच्या टीममधल्या. नववीतल्या रुचिताचा ८.९. रुचिता म्हणजे कबड्डी टीमची मुख्य रेडर. ठाण्याची आंतरशालेय स्पर्धा साडेतीन महिन्यांवर, आणि ही दोन चढायांनंतर खांब धरून उभी. डॉक्टरांनी साफ सांगितलं, "अकराच्या पुढे गेल्याशिवाय मी फिटनेसवर सही करणार नाही." रुचिता माझ्याकडे बघत राहिली, जणू सही माझ्याच पर्समध्ये होती.

डॉक्टरांनी अकराही जणींना रोज एक गोळी लिहून दिली. वेळ मी ठरवली: प्रार्थना संपली की लगेच, रांगेत. सुमनमावशी, आमच्या शाळेच्या शिपाई, गोळी देणार आणि रजिस्टरवर टिक करणार. इतकं सुंदर रजिस्टर माझ्या आयुष्यात झालं नव्हतं. एकही चौकोन रिकामा नाही.

सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं. रुचिता ८.८.

हेडबाईंनी केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, हे काय?"

"मुली जंक फूड खात असणार. पालकांसाठी एक सेशन घेते."

"तीन सेशन्स झाली तुमची. पालक म्हणतायत, गोळ्यांनी पोरींना मळमळतं, बंद करा."

"थोडे नखरे असतात हो या वयात."

"असतील. रुचिताचं नाव टीममधून काढायचं का, तेवढं मला शुक्रवारपर्यंत सांगा."

मी तोंड पाडून बाहेर आले. सुमनमावशी दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि ते लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"मॅडम, जरा मागे चला."

मागच्या जिन्याखाली मोगऱ्याच्या कुंड्या. मावशींनी काडीने एका कुंडीतली माती उकरली. लाल गोळ्या. काही अर्ध्या विरघळलेल्या.

"रोज?"

"रोज दोन-चार असतात. सोमवारी टीममधल्या त्या पाचही जणींच्या."

"आणि हे मला आत्ता सांगताय?"

"पोरींनी शपथ घातलेली. पण आता रुचिताचं नाव काढतायत म्हटल्यावर राहवेना. माझ्याच चाळीतली आहे ती, ठाकुर्लीची." मग कुंडीकडे बघून म्हणाल्या, "बाकी मोगरा काय फुललाय बघा."

"पण सोमवारीच का जास्त?"

"अहो, सोमवार धरलाय ना टीमने. कप मिळेपर्यंत कडक उपास. सकाळी नुसता चहा, मग संध्याकाळी दिवा लावल्यावर खाणार. रिकाम्या पोटी तुमची गोळी ढवळतेच. ओकण्यापेक्षा थुंकलेली बरी."

"आणि इतर दिवशी?"

"इतर दिवशी कोण खातंय? ही पाचला उठून पाणी भरते, बापाचा आणि भावाचा डबा होतो, मग हिच्या वाट्याला चहा-खारी. डबा नेते, तर अर्धा परत. जाड झाले तर चढाई जमणार नाही म्हणते."

मी तिथेच जिन्यावर बसले. रिकाम्या पोटी लोहाची गोळी त्रास देते, आणि वर चहा असला तर ते लोह अंगाला नीट लागत नाही, हे मी वर्षानुवर्षं लोकांना शिकवत होते. आणि ह्या मुलींना मी नेमकी सात वाजून वीस मिनिटांनी, चहावर, गोळी देत होते.

डॉक्टरांना विचारून गोळी मधल्या सुट्टीत, डबा खाऊन झाल्यावर द्यायची ठरवली. हेडबाईंकडून रुचितासाठी पुढच्या तपासणीपर्यंत मुदत मागून घेतली. उरला सोमवार. टीममधल्या त्या पाच जणींना बोलावलं. उपास सोडा म्हटलं असतं तर पाचही जणी उठून गेल्या असत्या.

"नवस म्हणजे आवडती गोष्ट सोडायची ना?" मी विचारलं.

"हो मॅडम."

"मग चहा सोडा. सातही दिवस. आणि सोमवारी राजगिऱ्याचा लाडू, मूठभर दाणे, खजूर, वर लिंबूसरबत. सगळं उपासाचं. महादेवाशी मी बोलते, आमची जुनी ओळख आहे."

"चहा?" टीमची कॅप्टन किंचाळली. "त्यापेक्षा जेवण सोडते ना, मॅडम!"

शेवटी रुचितानेच अट घातली: मॅडमनीही सोडायचा. मी दिवसाला सहा कप पिणारी. चार दिवस डोकं असं ठणकलं की आमचे हे शेजारी जाऊन बसायचे.

मावशींनी रुचिताच्या आईच्या कानावर घातलं. सकाळचं पाणी भावाकडे गेलं आणि रुचिताच्या हातात गूळ-तुपाची पोळी आली. रजिस्टर मी बंद केलं. मधल्या सुट्टीत मुलींबरोबर डबा खायला बसू लागले.

आठ आठवड्यांनी रुचिता ११.२. डॉक्टरांनी दोनदा आकडा पाहिला आणि सही केली. ठाण्याच्या फायनलला शेवटच्या चढाईत ती दोघींना बाद करून आली, आणि आम्ही तीन गुणांनी कप घेतला. हेडबाई खुर्चीवर चढून ओरडत होत्या. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होते.

धडा म्हणाल तर एवढाच: रजिस्टरला मळमळत नाही.

कप घेऊन परत येताना मी रुचिताला म्हटलं, "अगं, उपाशी असता हे मला एकदा तरी सांगायचंस."

ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही काय खायचं ते सांगत होतात. काय खाल्लं ते कधी विचारलंच नाही ना."