उपाशी पोटी

जांबोटीच्या शाळेत मास्तर होतो तेव्हा पावसात बांधावरून घसरलो आणि नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. हाड जुळलं, पण आत पू झाला. बेळगावच्या दवाखान्यात तीन आठवडे शिरेतून औषध चाललं. आमचं घर तिथंच खासबागेत; गल्लीतनं बघायला येणारी माणसं माझ्याकडे कमी आणि लटकवलेल्या बाटलीकडे जास्त बघायची. ‘लई भारी औषध हाय,’ असं म्हणून आईला धीर द्यायची.

मग डॉक्टर म्हणाले, ‘सुई बंद. आता सहा आठवडे घरी कॅप्सूल. दिवसातून चार, उपाशी पोटी. आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. पू परत आला तर पाय वाचेल याची हमी नाही.’

आईनं यातलं ‘सुई बंद’ एवढंच ऐकलं. आमच्याकडे सुई बंद करून घरी पाठवतात ते आशा सोडलेल्यालाच. त्यात शेजारची आक्का म्हणाली, ‘गोळ्या उष्ण असत्यात, खाली दूध-तूप पायजे.’ झालं! सुईचं राहिलेलं काम भाकरीवर आलं. प्रत्येक कॅप्सूलच्या आधी दूध-भाकरी, वर तूप.

‘उपाशी पोटी घ्यायचं असतंय गं,’ मी म्हणायचो.

‘उपाशी पोटानं कोण बरं झालंय रं?’

मी पोरांना आरोग्याचे नियम शिकवणारा मास्तर, मुकाट्यानं चापत होतो. तूप चांगलं होतं.

पंधरा दिवसांनी पट्टी पुवानं ओली झाली.

गोळ्या कशा घेतोस, असं डॉक्टरांनी मला विचारलं. उत्तर आईनंच दिलं, अभिमानानं. ‘खाल्ल्याबिगर एकबी दिली न्हाय.’

डॉक्टर आईकडे वळले. मग म्हणाले, ‘बाई, या गोळ्यांचं काम तेच आहे, बाटलीतलं औषध करत होतं तेच. आता ते पोटातून जातंय, तर त्याला वाट मोकळी द्या. एक महिना बघू. नाहीतर पाय कापावा लागेल.’

घरी येईपर्यंत टांग्यात आई ‘आधी दोन तास, नंतर एक तास’ असं बोटांवर मोजत होती. मला भयंकर भीती वाटत होती आणि तिचा रागही आला होता. खरं तर तो माझा मलाच यायला हवा होता.

दुसऱ्या दिवसापासून आमची चूल घड्याळावर चालायला लागली. बघायला येणाऱ्यांची केळी, भडंग उंबऱ्यावरच जप्त. आक्काला तर ‘तुमचं तूप तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे’ म्हणून वाटेला लावलं. मला चार वेळा उपाशी ठेवायची आणि मधल्या वेळात घाईघाईनं जेवू घालायची. ती स्वतः कधी जेवते, हे मी विचारलं नाही.

महिन्यानं पट्टी कोरडी निघाली. पुढच्या महिन्यात एक्स-रेच्या फोटोत हाड स्वच्छ दिसलं. डॉक्टर मात्र आईच्या हाताकडे बघत होते. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर जात होत्या.

‘तुम्ही कधी जेवता?’ त्यांनी विचारलं.

‘जेवती की. त्यो उपाशी असला की घास उतरत न्हाय, आन त्यो जेवला की भांडी असत्यात.’

बाहेर व्हरांड्यात येऊन मी तिच्यावर ओरडलो. चांगला मोठ्यानं, काठी न घेता, दोन्ही पायांवर उभा राहून.